समुद्रघोड्याचा शेजार

आमच्या वडगावात यंत्रमागांचा खडखडाट; समुद्र पाहायचा तर घाट उतरावा लागतो. तरी काचपेटीत समुद्रघोडा, कानडीतला ‘कडल कुदुरे’, पाळावा असे मला व धाकट्या बहिणीला फार वाटे. हा घोडा पोहण्यात अगदीच कच्चा! जे सापडेल त्याला शेपटीचा विळखा घालून बसतो. चटका बसला तरी पळण्याची चपळाई नाही. म्हणून शेजारी दंश करणारे प्रवाळ नकोत, समुद्रफूल तर नकोच. चामड्यासारखे मऊ प्रवाळ त्यातल्या त्यात बरे. वाणिज्याचा विद्यार्थी, खर्चाची वहीही मांडली. परंतु औषधासाठी वाळवून विकल्या जाणाऱ्या या जिवाला व खडक रचणाऱ्या प्रवाळांना २००१ साली १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. मला ते पटते, बहिणीला नाही. “दादा, मग पेटीत काय?” सध्या गप्पी.