फुकटच्या टूलचा पगार

सेलेनियम या नावात एक टोमणा दडलाय. २००४ साली जेसन हगिन्स यांनी थॉटवर्क्स कंपनीत हे टूल बनवायला घेतलं, तेव्हा टेस्टिंगच्या बाजारात मर्क्युरी इंटरॲक्टिव्ह या कंपनीच्या महागड्या सॉफ्टवेअरचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम घ्यावं, असा तो विनोद. औषध लागू पडलं म्हणायचं. आज वेबसाइटवर माणसाऐवजी कोडने क्लिक करून बघायचं असेल, तर लायसन्सपोटी एक रुपयाही लागत नाही. सेलेनियम आहे, सायप्रेस आहे, मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आहे.

माझं घरभाडं गेली सहा वर्षं याच टूल्सच्या जिवावर निघतंय, त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार करताना जरा अवघडायला होतं. पण 'टूल फुकट आहे' हे वाक्य मी मीटिंगमध्ये फार वेळा ऐकलंय, आणि त्यानंतर दर वेळी कुणाचं तरी काम गुपचूप वाढलेलं पाहिलंय.

साधी गोष्ट घ्या. पानावरचं बटण दिसायला अर्धा सेकंद उशीर झाला तर तुम्ही थांबता. सेलेनियमला ते सांगावं लागतं. कुठे, किती, कशासाठी थांबायचं, हे प्रत्येक ठिकाणी लिहा. नाही लिहिलं तर तीच टेस्ट सकाळी पास, दुपारी फेल. याला आम्ही 'फ्लेकी' म्हणतो. प्लेराइट आणि सायप्रेस बरंचसं थांबणं स्वतःच सांभाळतात, तरी रोग पुरता जात नाही. गुगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे सांगितले होते: त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्ट्समध्ये कमी-अधिक प्रमाणात हा दोष होता. गुगलची ही गत, तर बाकीच्यांचं काय!

यात वाया जाणारा वेळ हे निम्मंच नुकसान. उरलेलं निम्मं म्हणजे सवय. लाल दिसलं की 'परत रन कर, होईल हिरवं' असं सगळी टीम म्हणायला लागते. मग एक दिवस लाल खरं असतं, आणि तेही परत रन केलं जातं.

विकतच्या टूलमध्ये हे होत नाही असं नाही. फरक एवढाच, की तिथे भांडायला समोर कुणीतरी असतं. इथे गिटहबवर तक्रार टाकायची आणि वाट बघायची. पलीकडे जो बसलाय, तोही अनेकदा नोकरी सांभाळून रात्री हे काम करणारा. त्याच्यावर चिडणार तरी कसं? फँटमजेएस एके काळी घरोघरी होतं. २०१७ मध्ये क्रोममध्येच तशी सोय येणार असं कळलं, आणि ते सांभाळणाऱ्याने काम सोडलं. प्रोट्रॅक्टर तर गुगलच्या अँग्युलर टीमचं. २०२१ मध्ये त्यांनी सांगितलं, की २०२२ च्या अखेरीस आम्ही थांबतोय. माझ्या तेव्हाच्या कंपनीच्या सगळ्या टेस्ट्स त्यातच होत्या. कोड उघडा होता, कुणीही पुढे नेऊ शकलं असतं. पण उघड्या घरात केर काढायला कुणी जात नाही. आम्ही दोघींनी चार महिने बसून जुन्या टेस्ट्स नव्या टूलमध्ये लिहिल्या. ग्राहकाला त्यातून एकही नवी सोय मिळाली नाही. त्या चार महिन्यांचे दोन पगार मात्र कुठल्याच हिशेबात 'टूलचा खर्च' म्हणून लागले नाहीत.

याच 'फुकट'च्या जोरावर तिथे हाताने टेस्टिंग करणाऱ्यांची टीम पाचाची दोनवर आणली होती. उरलेल्यांत एक सीनियर होत्या, त्यांना सगळे ताई म्हणायचे. एका फॉर्ममध्ये नावाच्या चौकटीत आकडे चालू नयेत, असा नियम होता. कोणती कळ दाबली त्याचा क्रमांक बघून कोड आकडे अडवायचा. आमची टेस्ट आकडे टाकून बघायची, ते अडायचे, हिरवी खूण. ताईंनी स्वतःचा अँड्रॉइड फोन काढला, मराठी कीबोर्ड लावला आणि नावात बिनदिक्कत आकडे टाकून दाखवले. कारण अँड्रॉइडचा कीबोर्ड बहुतेक कळांसाठी ब्राउझरला एकच क्रमांक देतो, २२९. 'क' दाबा नाहीतर '५'. टूल मात्र लॅपटॉपवरच्या शिस्तीने प्रत्येक कळीचा खरा क्रमांक पाठवत होतं. ब्राउझरची खिडकी फोनएवढी करून टेस्ट चालवली, तरी आतली बोटं लॅपटॉपचीच.

हा काही टूलमधला बग नव्हे. ते सांगितलेलं काम चोख करत होतं. पण आपला वापरणारा बसमध्ये उभा राहून, एका हाताने, मराठीत टाइप करतो, हे टूलला कोण सांगणार? ते ताईंना माहीत होतं. पुढच्या कपातीत ताईंचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. कारण दिलं, 'ऑटोमेशन झालंय.'

मी ओपन सोर्सच्या विरोधात नाही. लहान गावातल्या कॉलेजातून आलेल्या माझ्यासारखीला महागडं लायसन्स कोण देणार होतं? मी जे शिकले ते या उघड्या कोडमुळेच. पण गाय फुकट मिळाली, म्हणून चारा फुकट येत नाही.

गेल्या महिन्यात नव्या प्रोजेक्टचं एस्टिमेट माझ्याकडे आलं. टूलच्या रकान्यात मी शून्य लिहिलं, ते खरंच आहे. त्याखाली दोन ओळी वाढवल्या: टेस्ट्सची देखभाल, आठवड्याला एक दिवस, हाताने टेस्टिंग, एक माणूस, स्वतःच्या फोनसह. मॅनेजरने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही कशाला?" मी त्यांच्या हातात माझा फोन दिला आणि म्हटलं, "सर, यावर एकदा फॉर्म भरून बघा."

ओळ अजून शीटमध्ये आहे. मंजुरी यायचीय.