लिंबातले बटाटे आणि आत्याबाईंचं मीठ

मैत्रिणींनो, घरातल्या मोठ्या माणसाचं मीठ तोडायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर आली. डॉक्टरांनी आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, रक्तदाब मोजायचं यंत्र बाजूला ठेवलं आणि मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं. घरी येऊन मी भाजी-वरण अळणी केलं आणि तिथेच सगळं बिघडलं. आत्याबाईंनी ताट सरकवलं. "काहून व सूनबाई, मले काय बिमार समजून राहिली तू? असं अळणी खाऊन जगाले मी काय पाखरू हाय?" तिसऱ्या दिवशी त्या नुसत्या चहावर राहिल्या. मला रडूच कोसळलं. मीठ द्यावं तर दाब वाढणार, न द्यावं तर उपास घडणार!

त्याच आठवड्यात पुण्याहून लेकीने ग्रीस देशाकडच्या एका पदार्थाची कृती कळवली. बटाट्याच्या जाड फोडी लिंबाचा रस, ऑलिव्हचं तेल, लसूण आणि ऑरेगॅनो यांत भाजायच्या. मनात आलं, आंबटाने जिभेला मिठाची उणीव कमी भासते. लिंबाची तर आपल्याकडे वाण नाही. बाळापूर तालुक्यातलं वाडेगाव लिंबासाठीच प्रसिद्ध!

पहिला प्रयत्न मात्र फसला. सगळा रस आधीच ओतला, तर पाऊण तास झाला तरी फोडी कडकच. मग लक्षात आलं, अगं, चिंच आधी घातली तर डाळ तरी कुठे शिजते! आंबटात बटाटाही उशिरा मऊ होतो. तिकडे भट्टीत तास-सव्वा तास ठेवतात म्हणून त्यांना जमतं. आपण गॅस वाचवायचा तर फोडी आधी साध्या पाण्यात अर्ध्या कच्च्या उकडून घ्यायच्या.

आता कृती सांगते. एक किलो बटाटे सोलून लांबट, जाड फोडी करा. सात-आठ मिनिटं उकडून पाणी निथळा. गरम असतानाच त्यांवर चार कागदी लिंबांचा रस, अर्धी वाटी शेंगदाण्याचं तेल, ठेचलेल्या आठ लसूणपाकळ्या, मिरपूड आणि हातावर चोळलेला अर्धा चमचा ओवा घाला. गरम फोडी रस चांगला पितात. लिंबू सालीसकट फार दाबू नका, कडवटपणा उतरतो. ओवा आणि ऑरेगॅनोचा वास जवळचा असतो, म्हणून काम भागतं. पिझ्झाबरोबरच्या पुडीतलं ऑरेगॅनो वापरणार असाल तर पुडी वाचा. तीत बहुतेकदा मीठ मिसळलेलं असतं. वाटीभर पाणी घालून काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ओव्हनमध्ये 200 अंशांवर पाऊण तास ठेवा, मध्ये एकदा उलटा. आंबट आहे, म्हणून ॲल्युमिनियमचं भांडं नको. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत झाकण ठेवून पाणी आटू द्या, मग झाकण काढून खरपूस करा. मीठ अगदी शेवटी, तेही वरून भुरभुरवायचं. वरचं मीठ जिभेला आधी लागतं, म्हणून थोडंही पुरतं.

बटाटा ग्रीसमध्ये रुजवला तो तिथले पहिले शासक कापोडिस्ट्रियास यांनी, 1828 च्या सुमारास. लोक फुकट दिलेले बटाटे घेईनात, तेव्हा त्यांनी म्हणे ढिगाभोवती पहारा बसवला. मग ही मोलाची वस्तू असणार म्हणून लोक रात्री चोरून नेऊ लागले! खरंखोटं देव जाणे, पण युक्ती मला आवडली.

मी भांडं झाकून ठेवलं आणि म्हटलं, "आत्याबाई, हे भिशीच्या बायांसाठी आहे बरं का." अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात झाकण वाजलं. मी जागची हलले नाही. मग हाक आली, "कावं, या बायाईले एवढे कशाले पायजे? मले दे चार फोडी, भाकरीसंगं." त्या जेवल्या. तीन दिवसांनी पोटभर जेवल्या! मग मी खरं सांगितलं. त्या जरा गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय, मले समजलं होतं. पन चालते."

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सैंधव हेही मीठच; उपासाचं म्हणून सुटका नाही. दिवसाचं सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि लोणची-पापड त्यातच मोजायचे. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी बटाटा किंवा 'कमी सोडियमचं' मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

आता आत्याबाई स्वतःच लिंबं पिळायला बसतात. मीठ मात्र अजून माझ्याच हाती आहे. तुमच्या घरीही कुणी ताट सरकवलं असेल, तर रागावू नका. आधी लिंबू चिरा.