विंध्याच्या कडेवरून

माळव्यातल्या कोणत्याही मराठी गृहस्थाला ‘आपले गाव कोणते?’ असे विचारून पाहावे. ज्याच्या पाच-सहा पिढ्या इंदूरच्या नाहीतर देवासच्या मातीत विरून गेल्या, तोही क्षणभर थांबून कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या खेड्याचे नाव सांगतो. त्या खेड्यातली वाट त्याने पाहिलेली नसते आणि विहिरीचे पाणी चाखलेले नसते. ‘आपला डोंगर’ म्हणजे त्याच्या मनात सह्याद्रीच. आमच्या घरी पूजा सांगायला येणारे गुरुजी मात्र संकल्पात नर्मदेच्या उत्तर तीराचा उच्चार न चुकता करतात. आपण कुठे बसलो आहोत हे गुरुजींना पक्के ठाऊक आहे. यजमानाला तेवढे अजून ठरवता आलेले नाही.

हे ठरवण्याचा एक सोपा उपाय मला गेल्या काही वर्षांत सापडला आहे. सायकल घ्यावी, महूहून दक्षिणेची वाट धरावी आणि माळव्याचे पठार जिथे एकाएकी संपते त्या विंध्याच्या कडेवर जाऊन उभे राहावे. त्या कडेचे नाव जाम दरवाजा. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी चार-सहा सहकारी शिक्षक आणि त्यांची मोठी मुले यांच्यासह मी ही वाट पुष्कळदा केली आहे. अंतर पंचवीस-तीस किलोमीटरांचे. पन्नाशी ओलांडलेल्या मुख्याध्यापकाच्या गुडघ्यांना जे झेपते ते कोणासही झेपावे.

पहाटे महूची छावणी ओलांडावी. १८१८ च्या मंदसोर तहानंतर वसलेल्या या छावणीचे रस्ते रुंद आणि झाडांच्या सावलीचे. २००३ पासून या गावाला डॉ. आंबेडकर नगर म्हणतात. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली इथेच झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि घराण्याचे मूळ गाव कोकणातले आंबडवे. कोकणातल्या एका कुटुंबाचा मुलगा विंध्याच्या माथ्यावर जन्मला, ही आठवण मनात ठेवून पुढे निघावे. आजच्या प्रवासाला ती शोभून दिसते.

पहिले काही कोस सपाटीचे. गव्हाची, हरभऱ्याची आणि महूच्या सुप्रसिद्ध बटाट्याची शेते दोन्ही बाजूंना असतात. काळी माती दहिवराने ओली असते आणि तिचा वास नाकाला चांगला ओळखीचा वाटतो. बडगोंदा मागे पडले की शेते विरळ होतात आणि रस्ता रानात शिरतो. सागवान, पळस, धावडा, मोह, साळई आणि टेंभुर्णी या झाडांचे हे पानगळीचे रान. मार्गशीर्षात सागाची मोठाली पाने वाळू लागतात. सायकलचे चाक त्यांवरून गेले की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. फाल्गुनात आलात तर पळस पेटलेला असतो आणि मोहाच्या फुलांचा मादक वास वाऱ्यावर येतो. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज, ज्याला आपण स्वर्गीय नर्तक म्हणतो, तो आपली लांब पांढरी शेपटी मिरवीत ओढ्याकाठच्या सावलीतून जाताना एखाद्या भाग्यवंताला दिसतो. या रानात बिबट्याही आहे. त्याचे दर्शन आम्हास घडले नाही, आणि त्याबद्दल तक्रारही नाही.

रस्ता उंच होतो तो इतक्या बेताने की चढ डोळ्यांना कळत नाही, मांड्यांना तेवढा कळतो. सायकलचा हाच गुण मला मोठा वाटतो. मोटारीला सारी जमीन सारखीच. सायकल जमिनीची प्रत्येक उंची-खोली पायांमार्फत माणसाला वाचून दाखवते. थकावे, उतरावे, सायकल हाती धरून चालावे, एखाद्या वळणावर गुराख्याशी दोन शब्द बोलावे, पाण्याचा घोट घ्यावा आणि पुन्हा पायडल मारावे, अशा रीतीने एखादा प्रदेश अंगात मुरतो.

आणि मग ऐन माथ्यावर, रस्ता आता कुठे जाणार असे वाटत असतानाच, दगडी कमान समोर उभी राहते. हाच जाम दरवाजा. अहिल्याबाई होळकरांनी तो १७९१ साली बांधविला. महेश्वरच्या राजधानीकडून माळव्याच्या पठाराकडे चढणाऱ्या वाटेचे हे राखणीचे ठाणे. कमानीच्या आतून चार पावले पुढे टाकावीत, आणि पायांखालची जमीन नाहीशी होते. खाली निमाड पसरलेला असतो. महू समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच, तर मंडलेश्वर-महेश्वरचा नर्मदाकाठ जेमतेम दीडशे मीटरांवर. हा सारा फरक पर्वताने एका कडेत सामावून घेतला आहे. धूसर मैदानाच्या पलीकडे नर्मदा आणि तिच्याही पलीकडे सातपुडा. वारा खालून वर येतो आणि निमाडची ऊब बरोबर आणतो.

पुष्कळ मंडळी इथूनच परततात. त्यांनी तसे करू नये अशी माझी विनंती आहे. सायकली कुलूप लावून ठेवाव्यात आणि गुरांच्या पायवाटेने कडेकडेने तासभर चालावे. उजव्या हाताला दरी आणि डाव्या हाताला रान ठेवून ही वाट जाते. ठिकठिकाणी पावसाळी ओढ्यांनी पर्वताचा काठ चिरून आत खोल घळी कोरल्या आहेत. अशा एखाद्या घळीच्या तोंडाशी, काठापासून अंतर राखून बसावे. समोरच्या उभ्या भिंतीत काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या बाजूला गेलेल्या माणसाला ही रचना तत्काळ ओळखू येईल. ओळखू यायलाच हवी, कारण दगड तोच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून शिलारस वारंवार उसळला आणि त्याचे थर साचून दख्खनचे पठार घडले. माळव्याचे पठार हे त्याच शिलारसाचे. ज्या बेसाल्टात रायगड उभा आहे, त्याच जातीच्या खडकावर आपली इंदूरची घरे उभी आहेत. आपले पूर्वज दगड सोडून परक्या दगडावर गेले नाहीत. एकाच पाषाणाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले, एवढेच.

पाण्याची गोष्ट याहून नवलाची. ही कड म्हणजे एक पाणलोट-रेषा आहे. तिच्या उत्तरेस पडलेला पावसाचा थेंब चंबळेला मिळतो, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला, आणि तो थेंब अखेर बंगालच्या उपसागरात पोचतो. चंबळेचा उगम याच डोंगररांगेत, पश्चिमेकडे जानापावच्या परिसरात मानला जातो. कडेच्या दक्षिणेस पडलेला थेंब मात्र घळीतून निमाडात उतरतो, नर्मदेला मिळतो आणि भडोचच्या पुढे खंभातच्या आखातात जातो. एकाच ढगातले दोन शेजारी थेंब, आणि त्यांच्यात एवढे अंतर! घराण्यांचेही असेच होत असते. एक भाऊ पुण्यास राहिला, दुसरा शिंदे-होळकरांच्या फौजेबरोबर इकडे आला. त्यात कोणी चुकले असे थोडेच आहे?

या कडेवरून इतिहास वर चढून आला आहे. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांच्या फौजा नर्मदा ओलांडून पश्चिमेच्या मांडवगडाच्या घाटाने पठारावर आल्या आणि अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर मारला गेला. समोरच्या निमाडातच, नर्मदेच्या दक्षिण तीरी रावेरखेडीला, थोरल्या बाजीरावांनी २८ एप्रिल १७४० रोजी देह ठेवला. पुढे दीडशे वर्षांच्या आत याच कडेला आगगाडी भिडली. इंदूरपर्यंत लोहमार्ग यावा म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले, आणि महूच्या आग्नेयेस पातालपाणी ते कालाकुंड हा घाट गाडीने सर केला. फौज, बैलगाडी, आगगाडी, ज्याने त्याने आपापल्या काळी ही कड चढली.

पण ही कड आपण चढण्यापूर्वीही इथे माणसे होती, आजही आहेत. भिल्ल आणि भिलाला मंडळींची घरे या रानाच्या आधाराने उभी आहेत. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या तंट्या भिल्लाला १८८९ साली जबलपूरला फाशी झाले. पातालपाण्याला त्याची समाधी आहे आणि लोक तिथे नारळ वाहतात. या मंडळींच्या रानातून आपण पाहुणे म्हणून जातो. तेव्हा पाहुण्याची रीत पाळावी. वाट विचारावी, राम-राम करावा, आणि आपला केर आपल्याच पिशवीत घालून परत न्यावा.

हे सांगावे लागते, कारण अलीकडे पावसाळ्यातल्या रविवारी या कमानीखाली जत्रा भरते. मोटारींच्या रांगा लागतात, कर्कश गाणी वाजतात, प्लॅस्टिकच्या बाटल्या घळीत भिरकावल्या जातात. अहिल्याबाईंच्या दगडांवर खडूने व खिळ्याने आपली नावे लिहिणारे वीर त्यांतच असतात. मराठी नावेही मी त्यांत वाचली आहेत. धोक्याचेही कोणाला भान नसते. धुक्यात कडेचा नेम राहत नाही, आणि वर कुठे पाऊस पडला की कोरडा दिसणारा ओढा काही क्षणांत फुगतो. २०११ च्या जुलैत पातालपाण्याच्या धबधब्याशी अशाच अचानक आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली. म्हणून नवख्याने कार्तिक ते माघ या महिन्यांतच यावे, पाण्याच्या पात्रात उतरू नये, सायकलचे ब्रेक निघण्यापूर्वी तपासावेत, पंप व पंक्चरचे सामान जवळ ठेवावे आणि सूर्यास्तापूर्वी रान सोडावे.

आणि मुलांना बरोबर आणावे. सुट्टीत त्यांना महाराष्ट्रातले गड अवश्य दाखवावेत. पण ज्या कडेचे पाणी ती रोज पितात आणि ज्या पाषाणावर ती झोपतात, ती त्यांनी आधी पायांनी ओळखलेली असावी. जाम दरवाजा कोणी बांधला हे पुस्तकात वाचून विसरले जाते. तीस किलोमीटर पायडल मारून त्याच्या सावलीत पाठ टेकली, की ते विसरणे अवघड.

विंध्याची एक कथा आपल्याकडे लहानपणीच सांगितली जाते. गर्वाने वाढू लागलेला हा पर्वत अगस्ती मुनींपुढे वाकला. ‘मी दक्षिणेहून परत येईपर्यंत असाच राहा,’ असे सांगून मुनी गेले ते परतलेच नाहीत. विंध्य आजही वाकून वाट पाहत आहे. आपले पूर्वज हाच पर्वत उलट दिशेने, दक्षिणेहून उत्तरेस, ओलांडून आले. ‘येतो’ असे सांगूनच तेही घरातून निघाले असणार. तेही परतले नाहीत. मुनींनी दक्षिण आपली केली. आपल्या पूर्वजांनी माळवा आपला केला. आता ‘आपले गाव कोणते?’ असे कोणी विचारले, तर कोकणातल्या खेड्याचे नाव आदराने घ्यावे, त्यात काहीच उणे नाही. परंतु त्यापुढे, न अडखळता, या काळ्या कडेचेही नाव घ्यावे. तेवढा अधिकार आपल्याला आहे. एकदा पायी चालून तो पक्का करून घ्यावा, इतकेच.