न उघडणारी फाइल

माझे अब्बा शिंपी होते. २००४ साली त्यांनी आपल्या लहानपणीच्या आठवणी उर्दूत लिहिल्या आणि डीटीपी सेंटरमधून टाईप करून घेतल्या. मूळ वही पुढे पावसात भिजून गेली. उरली ती फक्त एक फाइल.

अब्बांच्या इंतकालानंतर मी एकदा शाळेच्या संगणकावर ती फाइल उघडायला बसलो. "कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडू?" असे संगणक विचारू लागला. मी एक प्रोग्रॅम निवडला. पडद्यावर नुसते चौकोन आणि वेड्यावाकड्या खुणा! माझ्या काळजात धस्स झाले. फाइल खराब झाली असे समजून मी ती पुसून टाकणार होतो.

जवळच नववीतील एक विद्यार्थिनी उभी होती. ती म्हणाली, "सर, थांबा. काही सेव्ह करू नका. आधी फाइलची एक प्रत काढून ठेवा. हिच्या नावात शेवटचा टिंब कुठे आहे?"

तेव्हा आठवले. नाव बदलताना मीच तो टिंब आणि त्यापुढील तीन अक्षरे पुसली होती. फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे संगणकाला त्यांवरूनच कळते. आम्ही 'डॉट आयएनपी' पुन्हा लिहिले, इनपेजमध्ये फाइल उघडली आणि अब्बांची पहिली ओळ सुंदर नस्तालीक अक्षरांत समोर आली! त्याच दिवशी मी सर्व पाने छापून घेतली.

मुलांनो, लहानपणी मराठीचे पुस्तकही मला असेच नुसत्या खुणांचे वाटे. पुस्तकात दोष नव्हता. मला अक्षरओळख नव्हती.