भट्टीला ओलं चालत नाही

मुळशी तालुक्यात आता गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं, ते कळत नाही. भूगाव, भुकूम, पिरंगुट, सगळीकडे सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांचा कचरा ग्रामपंचायतींच्या अंगावर पडला. त्यावरचा उपाय बऱ्याचदा काडेपेटीत सापडतो. संध्याकाळी रस्त्याकडेचा ढीग पेटवला की दुधाच्या पिशव्या, डायपर, शहाळी रात्रभर धुमसत राहतात. माझ्या सासूबाईंना दमा आहे. मगरिबच्या सुमाराला आम्ही खिडक्या लावतो त्या डासांसाठी नाही, या धुरासाठी.

सातवीच्या वर्गाकडून प्रदूषणावर निबंध लिहून घेत होते, तेव्हा एका मुलीने विचारलं, "टीचर, कचरा जलाना गुनाह है, तो मोशीमें क्यों जलाते?" प्रश्न रास्त होता. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या नियमांनी बंदी घातली, आणि मोशीला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प आहे. १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खर्च सुमारे ३०० कोटी, वर्षाला अडीच लाख टन कचरा, क्षमता १४ मेगावॅट. मराठीत अशा यंत्राला 'भस्मक' म्हणतात. उर्दूत तितका सुटसुटीत शब्द मला मिळाला नाही, म्हणून वर्गात 'भट्टी' म्हटलं. तो दोन्हीकडे चालतो.

ढिगातली आग आणि भट्टीतली आग एक नव्हे. ढिगाला धड हवा मिळत नाही, पुरेशी उष्णताही मिळत नाही. प्लॅस्टिक, त्यातही पीव्हीसी, अर्धवट जळतं आणि त्यातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात. भट्टीत कचरा थेट टाकत नाहीत. आधी तो मोठ्या बंदिस्त खड्ड्यात काही दिवस पडून राहतो, त्याचं पाणी निथळतं, क्रेनचा पंजा तो पुन्हा पुन्हा कालवतो. या खड्ड्यावरची हवा ओढून भट्टीलाच देतात, त्यामुळे आगीला वारा मिळतो आणि दुर्गंधीही बाहेर पडत नाही. मग सरकत्या जाळीवर कचरा आधी सुकतो, पुढे पेटतो, शेवटी राख होऊन खाली पडतो. आपल्या नियमांप्रमाणे निघालेला वायू ९५० अंशांवर किमान दोन सेकंद राहायला हवा. त्या उष्णतेवर बॉयलरमध्ये वाफ होते आणि वाफ टर्बाइन फिरवते.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे. धुरातली आम्लं मारायला चुना, डायॉक्सिन आणि पारा शोषायला कोळशाची खास पूड, आणि धूळ अडवायला कापडी पिशव्यांची गाळणी. प्रकल्पातला बराच पैसा या धुरावरच खर्च होतो. गाळणी नीट चालत नसेल तर उंच चिमणीचा आमच्या रस्त्याकडेचा ढीगच झाला म्हणायचा.

एवढा खटाटोप कशाला? जागेसाठी. जाळल्यावर कचऱ्याचं आकारमान साधारण दहाव्या हिश्शावर येतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला अशी पहिली भट्टी १८७४ मध्ये लागली, तीही वाढत्या शहराच्या कचऱ्यापायी. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. तिथल्या लोकांना विचारा जागा म्हणजे काय. विजेचं कौतुक मात्र मला बेताचंच वाटतं. मुंबईच्या विजेसाठी धरण बांधताना मुळशीची गावं बुडाली आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या सत्याग्रहात माणसं उभी राहिली. वीज म्हटलं की या तालुक्याने सावध व्हावं, हे बरंच.

आणि ही भट्टी खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असते. १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कची यंत्रं आणून रोज ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प उभारला. तो जेमतेम २१ दिवस चालला. यंत्रं बिघडली नव्हती, कचराच जळत नव्हता. अपेक्षेच्या निम्मीही उष्णता त्यात नव्हती. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलंच असतं. भाजीचे देठ, शिळा भात, चहाचा चोथा. पाणी जाळायला कोण बसणार? मुळशीच्या पावसात तर चार महिने आमचा ढीगही पेटत नाही, नुसता कुजतो.

उलट बाजूचीही अडचण आहे. भट्टीला सुकं लागतं, आणि सुक्यावरच कचरावेचक बायकांचं घर चालतं. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या बायका २००८ पासून दारोदारी कचरा घेतात, त्यातलं विकण्याजोगं वेगळं काढतात. ते सगळं भट्टीत गेलं तर त्यांनी काय करायचं? जे पुन्हा वापरता येतं ते आधी त्यांच्या हाती जावं, ओल्याचं खत किंवा गॅस व्हावा, आणि उरलेल्या चिंध्या, रेक्झिन, मळकं प्लॅस्टिक जाळावं. भट्टी लहान असली तरी चालेल. मोठी बांधली की तिचं पोट भरण्यासाठी कचरा कमी न होऊ देणंच सोयीचं ठरतं. शिवाय गाळणीत अडकलेली बारीक राख विषारी असते. तिला साध्या मातीसारखं कुठेही टाकून चालत नाही.

मोशी आमच्यापासून लांब आहे आणि तो प्रकल्प आमच्या कचऱ्यासाठी नाही. आमच्या हातात सध्या बादल्या आहेत. रमजानमध्ये इफ्तारनंतर खरबुजाच्या साली आणि कागदी ग्लास एकाच पिशवीत जायचे, ते गल्लीतल्या बायकांनी थांबवलं. बकरी ईदला जनावराच्या पोटातला चारा आणि रक्ताने भिजलेला भुसा मागच्या शेतात खोल खड्ड्यात चुना घालून पुरला. चटया आणि प्लॅस्टिक धुऊन, वाळवून वेगळं बांधलं. गाडी तिसऱ्या दिवशी आली.