बाटलीची पावती

मायामीच्या धक्क्यावर त्या बोटीकडे पाहता पाहता माझी मान दुखू लागली. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी पाहिलेला माणूस हिला बोट म्हणणारच नाही. गिरगावातली एखादी चाळ, तीही दहा-बारा मजली, कोणी पाण्यात ढकलून दिली असावी असेच त्याला वाटेल. परंतु त्या घटकेला माझे चित्त बोटीच्या थोरवीकडे नव्हते. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत चूळ भरायच्या औषधाची एक हिरवीगार बाटली होती, आणि तिच्यात औषध नव्हते!

झाले होते ते असे. अटलांटाला असणाऱ्या आमच्या लेकीने आणि जावईबापूंनी दोन्हीकडच्या आईबापांसाठी सात दिवसांची सफर ठरवली. व्याही नानासाहेब म्हणजे निवृत्त सरकारी इंजिनिअर, बडे प्रस्थ. संध्याकाळी साडेसातला दोन पेले, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. मी शाळामास्तर. माझा नेम चहाचा.

कंपनीने नियम आधीच कळवले होते. २१ वर्षांवरील प्रत्येक उतारूला पहिल्या दिवशी ७५० मिलिलिटर वाइनची एक सीलबंद बाटली हातातल्या सामानात आणता येईल. बिअर, व्हिस्की, रम काही चालणार नाही. ती वाइन भोजनगृहात उघडली तर नुसते बूच काढण्याचे १५ डॉलर! वाटेतल्या बंदरात बाटली घेतली, तर चढताना जमा करून पावती घ्यायची. बाटली शेवटच्या दिवशी परत. कंपनीगणिक आकडे बदलतात, पण तऱ्हा पुष्कळ ठिकाणी हीच.

कारण सांगतात सुरक्षिततेचे, आणि ते खोटे नाही. हजारो माणसे, भोवती समुद्र आणि मध्ये नुसता कठडा! पण त्याखाली हॉटेलवाल्याचे गणितही आहेच. खोली नि जेवण तिकिटात येते. बोटीवरची दारू, जुगार आणि किनाऱ्यावरच्या सहली यांवर कंपनीची मोठी कमाई. खानावळीत घरची भाजी नेऊन बसलेले गिऱ्हाईक कोणत्या मालकाला आवडेल?

गंमत अशी, की याच अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, आणि तेव्हा लोक प्यायला म्हणूनच बोटीवर चढत. हा कायदा भर समुद्रात अमेरिकन बोटींना लागू नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली सांगितले. मग काय, बोटी हद्दीबाहेर जात, मंडळी मनसोक्त पीत आणि बोट पुन्हा त्याच धक्क्याला लागे. ‘कुठेच न जाणाऱ्या सफरी’ असे त्यांचे नावच पडले होते.

नानासाहेबांना हे सांगितले तर ते हसले. “मास्तर, मुंबईचा १९४९ चा कायदा अजून पुस्तकात आहे. परवाना विचारलाय कोणी कधी?” आणि निघायच्या सकाळी त्यांनी ती बाटली माझ्या हाती दिली. आत व्होडका आणि खायचा हिरवा रंग. “तुमच्या पिशवीत असू द्या. तुमच्याकडे पाहून कोणाला शंका यायची नाही.”

मुलीच्या बापाने काय बोलावे? लग्नाला नऊ वर्षे झाली, तरी व्याह्यांना ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. पिशवी घेतली आणि रांगेत उभा राहिलो.

पुढे क्ष-किरणांचे यंत्र. पट्ट्यावर सामान चढत होते. एका तरुणाची असलीच बाटली पहारेकऱ्याने उचलली, झाकण फिरवले, वास घेतला आणि ती बाजूच्या पिंपात गेली. तो तरुण खांदे उडवून हसला. पण माझ्यामागे लेक उभी होती. कामाच्या व्हिसावर या देशात राहते, कुठल्याही कागदावर डाग नको म्हणून जपते. “बाबा, तुम्हाला घाम का आलाय?” तिने विचारले.

“आलोच,” म्हणून मी रांगेतून निघालो, स्वच्छतागृह गाठले आणि बाटली बेसिनमध्ये उपडी केली. हिरवे पाणी गुरगुरत गेले.

संध्याकाळी साडेसातला नानासाहेबांना सारे सांगितले. ते काही बोलले नाहीत. जेवायला आमच्या टेबलाशी आले, पण दोन दिवस मीठसुद्धा विहीणबाईंकरवी मागितले. आमची सौभाग्यवती मला म्हणाली, “बरे केलेत. पण आता लेकीला किती दिवस ऐकावे लागेल, देव जाणे.” नासावचे निळे पाणी मला धड दिसलेच नाही.

मग सेंट थॉमस आले. १९१७ साली अमेरिकेने डेन्मार्ककडून हे बेट शेजारच्या बेटांसकट अडीच कोटी डॉलरना घेतले, पण मोटारी अजून आपल्यासारख्या डावीकडून धावतात! राजधानीचे नाव शार्लट अमाली, एका डॅनिश राणीवरून. बंदरालगतच्या जुन्या दगडी वखारींत आता जवाहीर आणि दारू विकतात. थंडगार बोळांतून हिंडताना नानासाहेब एकाएकी नाहीसे झाले.

परतताना पाहतो तो ते बोटीच्या दाराशी रांगेत, हातात रमची बाटली, झाकण आपले सीलबंद. टेबलावरच्या मुलीने तिला खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि पावती फाडली. ती घेऊन ते सरळ माझ्याकडे आले.

“मास्तर, माझ्या हातून हरवेल,” ते म्हणाले, “ही तुमच्या पिशवीत असू द्या.”