दुकानांतील पाटी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी लंडन येथें माझ्या मामांच्या घरीं राहिलों होतों. मामांना खाऱ्या पाण्याच्या काचपेटींत जिवंत प्रवाळें वाढविण्याचा छंद आहे. आपल्या देशांत दगडी प्रवाळांस २००१ सालापासून वन्यजीव कायद्याचें संरक्षण असल्यामुळें असा देखावा मीं पूर्वीं कधीं पाहिला नव्हता.

त्या पेटींत हॅमर नांवाचें एक प्रवाळ होतें. त्याच्या मांसल तंतूंचीं टोकें हातोडीसारखीं आडवीं असतात. त्याचें भावंड फ्रॉगस्पॉन. त्याच्या तंतूंस फांटे फुटून तें बेडकाच्या अंड्यांच्या पुंजक्यासारखें दिसतें. तिसरें टॉर्च, त्याचे तंतू लांब, सरळ व टोकाशीं एकच वाटोळा ठिपका. उघडलेलीं असतां हीं तिन्ही लहान मुलासही ओळखतां येतील. परंतु मिटलीं म्हणजे चुन्याचा सांगाडा तेवढा नजरेंत भरतो, आणि फांद्यांनीं वाढणाऱ्या जातींत तो जवळजवळ सारखाच!

त्यांत व्यापारी नांवांची भर. हॅमरलाच कित्येक जण अँकर म्हणतात. उलट हॅमर या एकाच नांवाखालीं भिंतीसारखी वाढणारी एक व फांद्यांनीं वाढणारी दुसरी, अशा दोन जाती खपतात. टॉर्चच्या रंगभेदांस होली ग्रेल, ड्रॅगन सोल अशीं भारदस्त नांवें मिळतात आणि किंमत चढते. प्रवाळाचा रंग तर प्रकाशाप्रमाणें पालटतो. मग घरीं आणल्यावर नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा! शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं हॅमर व फ्रॉगस्पॉन यांस युफिलिया या गटांतून काढून फिंब्रियाफिलिया या गटांत घातलें. टॉर्च मात्र युफिलियांतच राहिलें.

मामांच्या वाढदिवशीं मीं साठविलेल्या पैशांतून ‘सोनेरी हॅमर’ अशी पाटी असलेलें एक प्रवाळ आणलें. “उघडलेलें पाहिलेंस ना?” मामांनीं विचारिलें. तें मिटलेलेंच होतें. पण आपलें अज्ञान दिसूं नये म्हणून मीं “हो” म्हटलें. हॅमर हॅमरला सहसा इजा करीत नाहीं. माझ्या शब्दावर विसंबून मामांनीं तें जुन्या हॅमरपासून चार बोटांवर ठेविलें.

दोन दिवस तें मिटूनच राहिलें. तिसऱ्या दिवशीं मामा कामास गेले असतां तें उघडलें. लांब, सरळ तंतू. टोकाशीं वाटोळे ठिपके. टॉर्च! त्याचा दंश शेजाऱ्यास जाळतो, हें मामांनींच मला सांगितलें होतें. रात्रीं ते उशिरां आले. सांगावें असें फार वाटलें, परंतु धीर झाला नाहीं. सकाळीं पाहतों तों जुन्या हॅमरच्या दोन शाखांवरील मांस झडून पांढरा चुना उघडा पडला होता.

मीं रडत रडत सर्व कांहीं सांगितलें. मामा रागावले नाहींत. टॉर्च पेटीच्या दुसऱ्या टोकास हलवीत ते एवढेंच म्हणाले, “दुकानदाराची पाटी मी नेहमीं तपासतों रे. तुझा ‘हो’ मीं तपासला नाहीं.”

वाचकहो, चुकीची पाटी काढून दुसरी लावतां येते. त्या ‘हो’चें काय करावें, हें मला अजून उमगलें नाहीं. परवां मामांचें पत्र आलें. उरलेल्या पांच शाखा रोज उघडतात. मेलेल्या दोन तशाच पांढऱ्या आहेत.